पाच-एकची रेघ

“त्या पोरीला सांगा, किलोमीटर घरात ठिवून ये म्हणावं. हितं चालत न्हाय.”

हे माझ्याबद्दल होतं, पण मला सांगितलेलं नव्हतं. मी मैदानाच्या कडेला वाकून बुटाची नाडी बांधत होते आणि पंपघराच्या कट्ट्यावर बसलेला एक म्हातारा माणूस, माझ्याकडे न बघता, समोरच्या मुलींना सांगत होता. माझ्या मनगटावरच्या घड्याळानं नुकताच एक किलोमीटर पूर्ण झाल्याचं इंग्रजीत आणि जरा मोठ्यानंच जाहीर केलं होतं. मुली हसल्या. मी घड्याळाचा आवाज बंद केला, गरम झालेले कान तसेच घेऊन घरी आले आणि उद्यापासून इथे यायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी गेले. रंकाळा तलावाच्या कडेनं एकटीनं धावताना मागून येऊन हळू होणाऱ्या मोटरसायकलींची मला भीती वाटायची. या मैदानावर पहाटे साडेपाचला दहा-बारा मुली असायच्या, आणि त्या म्हाताऱ्यासमोर कुठलीही मोटरसायकल हळू व्हायची नाही. त्यासाठी किलोमीटर घरी ठेवायला माझी हरकत नव्हती.

त्यांना सगळ्या आप्पा म्हणायच्या. पाठीमागे मैलआप्पा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींकडून ते पळण्याचा सराव करून घ्यायचे, फुकट. मुलांना का शिकवत नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “पोरं नुसतीच पळत्यात. पोरी मोजून पळत्यात.”

मोजणं हा त्यांचा धंदाच होता. सगळी नोकरी त्यांनी जमीन मोजणी खात्यात शिपाई म्हणून काढली, आणि शिपाई म्हणजे साखळी ओढणारा. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं. राधानगरीकडच्या डोंगरउतारांवर ते साखळीचं टोक घेऊन पळायचे. “सायब जीपमधनं. आमी साकळी घिऊन.” पुढे खात्यात यंत्रं आली, साखळ्या भंगारात निघाल्या, तेव्हा साहेबांना विचारून त्यांनी एक साखळी घरी आणली. ती ते पंपघरात ठेवायचे आणि दर रविवारी तेल लावून पुसायचे.

त्याच साखळीनं त्यांनी मैदान मोजलं होतं. एकशे साठ साखळ्यांचा मैल, ऐंशी साखळ्यांचा अर्धा मैल. मुलींना भरतीत आठशे मीटर पळावं लागतं. अर्धा मैल त्याहून जवळजवळ पाच मीटर जास्त भरतो. मुलींनी आठशे मीटरवर चुन्याची एक रेघ मारून घेतली होती, तिला आप्पा ‘सरकारी रेघ’ म्हणायचे. त्यांची स्वतःची खूण तिच्या पुढे, जमिनीत ठोकलेली लोखंडी खुंटी. कितीही धापा टाकत सरकारी रेघ ओलांडा, आप्पा स्टॉपवॉच दाबायचे ते खुंटीपाशीच.

“आप्पा, एवढं कशाला पळवताय जास्ती?”

“ती वरची पाच पावलं सरकारला न्हाईत. तुमाला हाईत.”

गोळाफेकीचा गोळा चार किलोचा असतो. त्यांचा नऊ रत्तलाचा, म्हणजे नऊ पौंडांचा होता, थोडा जडच. वजनं ते रत्तलात सांगायचे आणि मुली घरी जाऊन त्याचे किलो करायच्या. पन्हाळा बारा मैल. माझं घर पाऊण मैल आणि चार साखळ्या. हे शेवटचं त्यांनी मला न विचारता चालत जाऊन मोजलं होतं, कारण मी एकदा ‘दीड किलोमीटर असेल’ म्हणाले होते आणि त्यांना ‘असेल’ आवडला नव्हता.

“मीटर कुणाचा हाय, सांगा मला,” ते म्हणायचे. “फूट म्हंजे माणसाचा पाय. यार्ड म्हंजे नाकापास्नं बोटाच्या टोकापातूर. मीटर कुणाच्या अंगावर हाय, दाखवा.”

ते अनवाणी चालायचे. एका मुलीनं एकदा त्यांचा पाय मोजला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत दहा इंच.

“आप्पा, तुमच्याबी अंगावर फूट न्हाय की. दोन इंच कमीच हाय.”

सगळ्या हसल्या. आप्पाही हसले. मग म्हणाले, “असणारच. माणूस मापापेक्षा जरा कमीच असतोय. म्हणून तर रोज यायचं.”

हे वाक्य मी तेव्हा गमतीत वहीत लिहून ठेवलं होतं. आता ते वाचवत नाही.

वेळांची वही माझ्याकडे आली त्याचं कारण माझं अक्षर. मी भरती करणार नव्हते, घरी बसून एका कंपनीचं काम करायचे, धावायचे ते फक्त स्वतःला खोलीबाहेर काढण्यासाठी. आप्पांनी एक दिवस मला खुणेनं बोलावलं, हातात एक जाड वही दिली आणि म्हणाले, “ए कॉन्व्हेंट, तू लिव्ह.” मी रोज मुलींच्या वेळा लिहू लागले. मला बरं वाटलं. लिहिणाऱ्या माणसाला बोलावं लागत नाही.

पण पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलते, वाचते, पण आकडे माझ्या डोक्यात इंग्रजीत असतात. एकोणपन्नास म्हटलं की मला थांबावं लागतं. आप्पा ओरडले, “रुक्साना, दोन एकोणपन्नास,” आणि मी लिहिलं दोन एकोणसाठ. दुसऱ्या सकाळी वही बघायला आलेल्या रुक्सानानं बोट ठेवलं.

“अगं, माझी दहा सेकंदं खाल्लीस की.”

ती हसत होती. बाकीच्या तिच्याहून जास्त हसल्या. कुणीतरी म्हणालं, “कॉन्व्हेंटला बेचाळीस विचार, बेचाळीस.” मी खोडून दोन एकोणपन्नास केलं. त्यानंतर कुठलाही आकडा तोंडानं म्हणायचा झाला की मी आधी मनात दोनदा म्हणून बघायचे, आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असायचं.

रुक्साना त्या सगळ्यांत मोठी होती. महाद्वार रोडला एका कापडाच्या दुकानात ती काउंटरवर उभी राहायची, सकाळी दहा ते रात्री नऊ. वडील गाद्या भरायचे. कापसानं छाती भरून आल्यावर ते काम सुटलं होतं. मागच्या भरतीच्या वेळी वडील दवाखान्यात होते म्हणून फॉर्म भरूनही ती मैदानावर गेलीच नव्हती. त्यामुळे तिची उंची, धाव, काहीच कधी सरकारी मापानं मोजलं गेलं नव्हतं. आता वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ती स्वतःच बोलायची. इकडच्या पुष्कळ मुलींसारखी ती स्वतःबद्दल ‘मी आलो, मी पळालो’ असंच म्हणायची. “या बारीला मी लागलो तर लागलो. न्हायतर हायच की आयुष्यभर अस्तर फाडायचं.”

आप्पांचा तिच्यावर जीव होता. ते तो दाखवायचे नाहीत. तिच्यावर जास्त ओरडायचे, एवढंच. ती सरकारी रेघेवर कधीच सैल पडायची नाही. खुंटीच्याही पुढे दोन पावलं जायची.

दिवाळीला चार-पाच दिवस असतील. आप्पांनी त्या सकाळी उंच्या घ्यायचं काढलं. पंपघराच्या भिंतीवर त्यांनी डांबरानं रेघा मारल्या होत्या: चार-अकरा, पाच, पाच-एक, पाच-दोन, अशा वर पाच-आठपर्यंत. लाकडी घडीच्या फूटपट्टीनं, ओळंबा लावून. मुली पाठ टेकून उभ्या राहायच्या, आप्पा माझ्याकडची जाड वही घेऊन डोक्यावर आडवी धरायचे आणि डोळा बारीक करून बघायचे.

भरतीला मुलींची उंची एकशे पंचावन्न सेंटीमीटर लागते. आप्पांच्या खिशात एक जुनी डायरी असायची, तिच्या शेवटच्या पानावर मापांचा तक्ता छापलेला होता. त्यात एकशे पंचावन्न सेंटीमीटरसमोर पाच फूट एक इंच असं होतं. आप्पांसाठी तेवढं पुरे होतं. छापलेलं होतं.

रुक्साना भिंतीला टेकली. टाचा टेकवल्या. आप्पांनी वही ठेवली, केस दाबले, वाकून बघितलं.

“पाच-एक. बरोब्बर. केसभर इकडं न्हाय, केसभर तिकडं न्हाय. लिव्ह गं.”

मी लिहिलं, पाच फूट एक इंच. मग सवयीनं मोबाइल काढून एकसष्ट इंचांना दोन पॉइंट चोपन्ननं गुणलं. मी असं नेहमी करायचे. वहीतला मैल माझ्या मोबाइलमध्ये किलोमीटर होऊन बसायचा. उत्तर आलं १५४.९४.

मी पुन्हा गुणलं. पुन्हा तेच.

घरी जाऊन वाचलं तर आणखी कळलं. माणूस सकाळी उठल्यावर सगळ्यात उंच असतो. दिवसभर उभं राहिलं की दुपारपर्यंत थोडा दबतो. रुक्सानाची पाच-एक ही पहाटे सहाची होती.

म्हणजे आप्पांचं सगळं माप मोठं होतं. त्यांचा अर्धा मैल मोठा, गोळा जड, वेळ उशिरा थांबणारी. त्यांच्याकडे जी पास झाली ती सरकारकडे पास होणारच, असं सगळ्या मुली धरून चालायच्या, आणि त्यांच्या हाताखालच्या मुली पोलिसात गेल्याही होत्या. फक्त या एकाच जागी त्यांचं माप सरकारी मापापेक्षा लहान होतं. जेमतेम नखाच्या जाडीएवढं. आणि नेमकी तिथे रुक्साना उभी होती.

मी दुसऱ्या दिवशी वहीत तिच्या उंचीशेजारी समासात पेन्सिलीनं १५४.९४ लिहिलं. मला वाटलं, आप्पा वाचतील, विचारतील, मग सांगता येईल. आप्पांनी वही घेतली, लांब धरून बघितली.

“कडंला काय खरडलंयस हे?”

मी मनात म्हणून बघू लागले. एकशे चोपन्न. चोपन्न बरोबर. पुढे नाइंटी फोर. चौऱ्याऐंशी की चौऱ्याण्णव?

“पान घाण करू नको,” ते म्हणाले आणि वही परत दिली.

मी खोडरबरानं पुसलं. नीट पुसलं, फुंकर मारून.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट झाली, आणि मी तिलाच जास्त घाबरते. वनरक्षकांच्या भरतीचे फॉर्म निघाले होते. तिथे मुलींना उंची बरीच कमी लागते. रुक्सानाला वयाच्या अटीत तोही शेवटचाच होता. पळणं झाल्यावर ती पाण्याची बाटली हातात घेऊन आप्पांसमोर उभी राहिली.

“आप्पा, फॉरेस्टचा बी भरून ठिवू का? पंधरा दिवस हाईत अजून. दोन्हीकडं प्रयत्न करतो की.”

“किती पळवत्यात तिथं?”

“तीन किलोमीटर.”

आप्पांनी स्टॉपवॉच खिशात घातलं. मग खुंटीकडे बघत म्हणाले, “मला किलोमीटरचं शिकवाय येत न्हाय.”

“मी करतो की आप्पा माझं माझं.”

“आन हिकडचा अर्धा मैल कोण करणार? अर्ध्या मैलाचा दम येगळा, लांबचा दम येगळा. दोन्ही बिघडतंय बग. तुजी उंची बसती, येळ बसती. फॉरेस्टात जाऊन काय करणार हाईस, गवे राखणार?”

ती हसली. “न्हाय भरत मग.”

मी तीन हातांवर बसले होते, मांडीवर वही. ‘उंची बसती’ हे मी ऐकलं. एवढंच म्हणायचं होतं, आप्पा, बसत नाही. दोन शब्द. त्यात आकडाही नव्हता.

मी त्या पंधरा दिवसांत पुष्कळदा ठरवलं. एकदा तिच्याबरोबर तिच्या स्कूटीपर्यंत चालत गेले. ती खाकी शर्टावर नावाची पट्टी कुठल्या बाजूला लावतात ते सांगत होती; उजव्या बाजूला. मी म्हणाले, “तू छान पळतेस.” ती म्हणाली, “बोलतीस की तू,” आणि गेली. एकदा व्हॉट्सअॅपवर सगळं लिहिलं, गणितासकट. मग वाटलं, आप्पांच्या पाठीमागे त्यांची चूक सांगितली असं होईल. मग वाटलं, भिंतीवरची रेघच कदाचित थोडी वर मारलेली असेल, त्यांचं सगळंच थोडं जास्त असतं. मग वाटलं, माझंच काही चुकत असेल, एकोणपन्नासचं एकोणसाठ करणारी मी. मेसेज पुसला. फॉरेस्टची तारीख गेली. त्यानंतर सांगण्यात अर्थ नव्हता, उगाच तिचा धीर खचला असता. असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते मला इतकं सोयीचं होतं की मी त्यावर विश्वास ठेवला.

त्या हिवाळ्यात आप्पा खूश होते. रुक्साना दोन त्रेचाळीसवर आली होती, तेही खुंटीपर्यंत. ते तिला गवळ्यांच्या दूध-कट्ट्यावर, समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पाजायला न्यायचे आणि गवळ्याला सांगायचे, “हिला मोठा गलास भर. ही फौजदार हुणार हाय.” “फौजदार न्हाय आप्पा, शिपाई,” ती म्हणायची. “शिपाईच बरा,” आप्पा म्हणायचे. “शिपाई मोजतोय, सायब नुसती सही करतोय.”

भरती फेब्रुवारीच्या शेवटी झाली. मी गेले नव्हते. जे झालं ते तिच्याबरोबर गेलेल्या मुलीनं दुसऱ्या सकाळी आम्हाला सांगितलं. पहाटे चारला रांगेत लागल्या. कागद तपासायलाच अकरा वाजले. सगळा वेळ उभ्या, कारण बसलं की रांग मोडायची. पावणेबाराला उंचीच्या मशीनखाली रुक्साना गेली. एकशे चोपन्न पॉइंट सहा. तिनं पुन्हा मोजायचा अर्ज दिला. त्यांनी तासाभरानं पुन्हा मोजलं, नीट, दोन मॅडमनी. एकशे चोपन्न पॉइंट सात. उंचीत बसल्याशिवाय पळायला सोडत नाहीत. तिला पळूच दिलं नाही.

दोन वर्षं ती अर्धा मैल पळत होती. त्या दिवशी तिचे धावण्याचे बूट पिशवीतच राहिले.

आप्पा ऐकत होते. ते उठून भिंतीपाशी गेले आणि त्या मुलीला म्हणाले, “तू उभी ऱ्हा.” तिची पाच-तीन होती, पाच-तीनच भरली. मग दुसरीला. मग तिसरीला. सगळ्या पुन्हा मोजल्या, सगळ्या आपापल्या रेघेवर. ते मागे सरकून भिंतीकडे बघत राहिले. “रेघा बरोबर हाईत,” ते म्हणाले. “मशीनच बिघडलंय.” मुलींनी लगेच मान्य केलं. मशीनला, रांगेला, उन्हाला, त्या दोन मॅडमना सगळ्यांनी मिळून दोष दिला. मीही मान हलवली.

पण आप्पांनी त्या दिवसापासून स्टॉपवॉच हातात धरलं नाही. मुली आपापल्या पळायच्या, ते कट्ट्यावर बसून असायचे. कुणी विचारलं, “आप्पा, किती झालं?” तर म्हणायचे, “तुमच्या मोबाइलात बगा.” आठवड्याभरात निम्म्या मुली दुसऱ्या मैदानावर गेल्या, तिथे एक तरुण मास्तर आठशे मीटर म्हणजे आठशे मीटरच पळवतो. रविवारी आप्पांनी साखळीला तेल लावलं नाही. ती पंपघराच्या कोपऱ्यात गोळा होऊन पडली.

रुक्साना पुन्हा मैदानावर आली नाही. मार्चमध्ये मी तिच्या दुकानात गेले. काहीतरी घ्यायला हवं म्हणून म्हणाले, अडीच मीटर अस्तर दे. तिनं लोखंडी मीटर घेतला, काउंटरवर कापड पसरलं आणि सरासर मोजलं. एक, दोन, आणि अर्धा. मग वर चार बोटं सोडून कात्री लावली. “वरचं तुला,” ती म्हणाली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी रंगांच्या कपाटाकडे बघितलं.

“आप्पा कसं हाईत?” तिनं विचारलं.

“येतात.”

“त्यांना सांग, मनाला लावून घेऊ नका म्हणावं. त्यांनी काय केलंय? मशीनच खराब असणार. मी रोज पाच-एक भरत होतो की, तूच लिवलंयस वहीत.”

“हो,” मी म्हणाले.

“सांगशील न्हवं?”

मी मान हलवली. मागे तिचे मालक “पुढचं गिऱ्हाईक बघ” म्हणाले आणि ती वळली. तिच्या पाठीमागे भिंतीला सगळ्या रंगांची अस्तरं उभी होती, आणि ती त्यांच्यापुढे अगदी बुटकी दिसत होती. तोवर मला ती कधी बुटकी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी निरोप द्यायचा म्हणून मैदानावर लवकर गेले. कुणी नव्हतं. आप्पा एकटेच पंपघराच्या भिंतीपाशी उकिडवे बसले होते, हातात नवी पिवळी स्टीलची टेप. हार्डवेअरच्या दुकानातून आणली असावी, तिला अजून प्लास्टिकचा कागद होता. एक टोक जमिनीला धरून त्यांनी ती भिंतीवर पाच-एकच्या रेघेपर्यंत नेली होती आणि मान वर करून वाचायचा प्रयत्न करत होते.

“ये,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला कॉन्व्हेंट म्हटलं नाही. “हितं धर जरा.”

मी वरचं टोक धरलं.

“ह्या टेपीला दोन कडा असत्यात. एका अंगाला इंच, एका अंगाला हे. मी जनमभर इंचाचीच कड वाचली. दुसरीकडं काय लिवलंय कवा बघितलंच न्हाय.” ते उठले, भिंतीला हात टेकून. “आता बघतोय तर मला दिसत न्हाय, बारीक हाय. मला तर एकशे पंचावन्नच वाटतंय. तुजं डोळं चांगलं हाईत. वाच.”

मी निरोप सांगणार होते. मशीन खराब असणार, मनाला लावून घेऊ नका. शब्द तोंडात तयार होते, तिनंच दिलेले, आणि ते सांगितले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. कदाचित ते उद्यापासून पुन्हा स्टॉपवॉच घेऊन बसले असते.

“वाच की,” आप्पा म्हणाले. “रातच्याला झोप न्हाय मला. ते मशीन खोटं, का मी खोटा, येवढं एकदा कळू दे. माझ्या रेघेवर किती हाय?”

टेपवर तेवढं बारीक काही छापलेलं नसतं. एकसष्ट इंचांची रेघ आणि एकशे पंचावन्नची रेघ जवळजवळ एकमेकींवरच येतात. मी टेपकडे बघितलंही नाही. हा आकडा मी महिनोन्‌महिने मनात म्हणत आले होते, रस्त्यानं, आंघोळ करताना, वही मांडीवर घेऊन. आता त्यात अडखळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“एकशे चोपन्न पॉइंट चौऱ्याण्णव,” मी म्हणाले. “दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं मला, आप्पा. मी वहीत लिहिलं होतं, आणि मीच पुसलं.”